मराठी माध्यमाची मुलं इंग्रजीच्या पेपरात नेमकी कुठे मार खातात

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीहून रोज लोअर परळला नोकरीला जाणारा, मराठी माध्यमातून बी.कॉम. झालेला एक मुलगा एसएससी सीजीएल (केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीची परीक्षा), आयबीपीएस क्लार्क (सरकारी बँकांतल्या नोकरीसाठीची) आणि एमपीएससी गट-ब (राज्य सरकारी पदांसाठीची) असे तिन्हीचे फॉर्म भरतोय. गणित-बुद्धिमत्ता बरं जातं, पण मॉक टेस्टमध्ये इंग्रजीची गाडी 25 पैकी 13-14 वर अडते. रोज वीस शब्द पाठ करतोय, वाक्प्रचारांची पीडीएफ दोनदा संपवली. आता कुठलं पुस्तक घेऊ आणि रोज किती शब्द करू, असं विचारलंय.

पुस्तक घेऊ नका आणि शब्दांचा आकडाही वाढवू नका. दादरला संध्याकाळच्या बॅचला मी इंग्रजी शिकवते. कल्याण-डोंबिवलीपासून विरारपर्यंतची, दिवसभर नोकरी करून येणारी अशीच मुलं समोर असतात, आणि जवळजवळ सगळ्यांची तक्रार हीच असते. त्यांच्या मॉकचे चुकलेले प्रश्न समोर घेऊन बसलं की दिसतं ते वेगळंच. अडलेला शब्द माहीत नव्हता म्हणून गेलेले प्रश्न थोडे असतात. जास्त प्रश्न गेलेले असतात ते वाक्य ‘बरोबर वाटलं’ म्हणून. आणि ते बरोबर का वाटलं, याचं उत्तर बहुतेक वेळा मराठीत सापडतं.

म्हणजे मराठीतून विचार करणं सोडा, असा सल्ला मी देणार नाही. तो सल्ला भरपूर लोक देतात आणि तो बिनकामाचा आहे. चोवीस वर्षं मराठीत विचार केलेलं डोकं तीन महिन्यांत इंग्रजीत विचार करायला लागत नाही. त्यापेक्षा मराठी कुठे मदत करते आणि कुठे गंडवते एवढं ओळखा. दोन्ही ठिकाणं मोजकी आहेत.

आधी मदतीचं बघू. चूक शोधायच्या प्रश्नाचा एक नमुना घ्या, चारपैकी कुठल्या तुकड्यात चूक आहे ते सांगायचं: ‘वन ऑफ द पॅसेंजर्स / हू वेअर स्टँडिंग निअर द डोअर / वेअर इन्जर्ड / यस्टर्डे.’ वर्गात अर्धे हात दुसऱ्या तुकड्यावर जातात, कारण ‘वन ऑफ’ दिसलं की क्रियापद एकवचनी, एवढाच नियम डोक्यात बसलेला असतो. आता हेच मराठीत म्हणा: ‘जे दारात उभे होते त्या प्रवाशांपैकी एक जण जखमी झाला.’ उभे ‘होते’, पण जखमी ‘झाला’. तुमच्या कानाने एकाही नियमाशिवाय दोन्ही क्रियापदं बरोबर लावली. इंग्रजीतही अगदी तसंच: ‘हू’ पॅसेंजर्सचा, म्हणून त्याला ‘वेअर’, वाक्याचा कर्ता ‘वन’, म्हणून तिसऱ्या तुकड्यात ‘वॉज’ हवं. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये लांबलचक शेपूट घालून गोंधळ उडवणारे जे प्रश्न असतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी मराठी वाक्य करून बघितलं की कर्ता लगेच हाताला लागतो.

आता गंडवते कुठे. इथे जरा वेळ घालवू, कारण मार्क इथेच गळतात.

पहिली जागा विभक्तीची. मराठीत एखाद्या विषया‘वर’ किंवा विषया‘विषयी’ चर्चा होते, मुलगी कोणा‘शी’ लग्न करते, खोली‘त’ शिरतात, शत्रू‘वर’ हल्ला करतात. म्हणून पेपरात ‘डिस्कस्ड अबाउट द मॅटर’, ‘मॅरीड विथ अ डॉक्टर’, ‘एन्टर्ड इन्टू द रूम’, ‘अटॅक्ड ऑन द एनिमी’ ही वाक्यं डोळ्यांखालून सहज निघून जातात. यांतली ‘डिस्कस’, ‘एन्टर’, ‘अटॅक’ ही तिन्ही क्रियापदं तिथे प्रिपोझिशन न घेता थेट कर्मावर येतात, आणि ‘मॅरीड’ला जोडीदार सांगताना ‘विथ’ नव्हे, ‘टू’ लागतो. पण ‘अटॅक’ नाम म्हणून आलं तर ‘ॲन अटॅक ऑन’ बरोबर, आणि ‘डिस्कशन’ नाम असेल तर ‘अबाउट’ चालतं. परीक्षक हीच फट बघून प्रश्न काढतो. उलट बाजूही आहे. मराठीत ‘त्याची वाट पाहिली’, ‘माझं ऐक’, ‘जुना फ्रिज विकून टाकला’ म्हणताना वेगळा शब्द लागत नाही, म्हणून ‘वेट फॉर’, ‘लिसन टू’, ‘डिस्पोज ऑफ’ यांतला शेवटचा शब्द गाळलेला असला तरी कळत नाही.

दुसरी जागा काळाची. ‘मी पाच वर्षांपासून डोंबिवलीत राहतो.’ मराठीत निर्दोष वाक्य. शब्दाला शब्द लावून ‘आय लिव्ह इन डोंबिवली सिन्स फाइव्ह इयर्स’ केलं की एका वाक्यात दोन चुका. मराठीचा ‘पासून’ सोमवारलाही लागतो आणि पाच वर्षांनाही. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स मंडे’ आणि मोजलेला काळ असेल तर ‘फॉर फाइव्ह इयर्स’. दुसरं म्हणजे आपला ‘राहतो’ साधा वर्तमान, पण तेव्हा सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. तसंच ‘तो कालच आलाय’ हे आपण बिनधास्त बोलतो. इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आला की ‘हॅज कम’ बाद, ‘केम’च पाहिजे. चूक शोधायच्या प्रश्नात काळवाचक शब्द दिसला की सगळ्यात आधी क्रियापदाकडे बघायचं, बाकी वाक्य नंतर.

तिसरी जागा जोड्यांची, आणि ही मला सगळ्यात आवडते, कारण एकदा कळली की मार्क परत जात नाहीत. मराठीला जोडी लागते: जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, कारण-म्हणून. म्हणून ‘ऑल्दो ही वॉज इल, बट ही अटेंडेड ऑफिस’ वाचताना आपल्याला काहीच खुपत नाही. इंग्रजीत ‘ऑल्दो’ आलं की ‘बट’ नको, ‘बिकॉज’ आलं की पुढे ‘सो’ नको. आणि सगळ्यात पक्का सापळा नकाराचा. ‘तो येत नाही तोपर्यंत थांब’ यात आपला ‘नाही’ हवाच, त्याशिवाय वाक्य उभं राहत नाही. इंग्रजीत मात्र ‘वेट अनटिल ही कम्स’. ‘अनटिल ही डझ नॉट कम’ चूक. ‘अनलेस’चंही तसंच: तो शब्द स्वतःच्या पोटात ‘नाही’ घेऊन फिरतो, पुन्हा ‘नॉट’ दिलं की चूक झाली.

आर्टिकल मराठीत नाहीतच, त्यामुळे तिथे कान काही मदत करत नाही. नियमच वापरायचा. स्पेलिंग नाही, उच्चार बघायचा: ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ वन-वे रोड’, पण ‘ॲन अवर’, ‘ॲन एमएलए’, ‘ॲन एफआयआर’. यावर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

मुंबईकरांसाठी एक वेगळीच अडचण आहे. आपण दिवसभर इंग्रजी शब्द वापरतो, त्यामुळे ते आपल्याला येतात असा समज असतो. ‘मी 2021 चा पासआऊट’ असं ऑफिसात कोणीही म्हणेल. पेपरात ‘पास आउट’चा अर्थ विचारला तर उत्तर ‘शुद्ध हरपणे’ हे असतं. ‘कझिन ब्रदर’, ‘रिटर्न बॅक’, ‘रिपीट अगेन’, ‘कोप अप विथ’, ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ ही सगळी लोकलमध्ये ऐकू येणारी इंग्रजी, आणि चूक शोधायच्या प्रश्नांचा कच्चा मालही हाच. ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘लगेज’ यांना शेवटी एस लावणं तर आपल्या बोलण्यात इतकं मुरलंय की वर्गात चूक दाखवल्यावरही मुलं म्हणतात, मॅडम, सगळे असंच बोलतात. बोलू देत. पेपरात एस खोडायचा.

वाक्प्रचारांची पीडीएफ दोनदा झाली आणि तरी प्रश्न चुकतात, कारण ती वरपासून खाली सलग पाठ केलेली असते. तिचे तीन गठ्ठे करा. पहिला गठ्ठा, जे मराठीत जसेच्या तसे आहेत: आगीत तेल ओतणे, डोळ्यांत धूळ फेकणे, राईचा पर्वत करणे. यांना वेळ द्यायची गरजच नाही, एकदा वाचले की झालं. दुसरा गठ्ठा, ज्यांचा मराठीशी काही संबंध नाही: ‘ॲट सिक्सेस अँड सेव्हन्स’ म्हणजे सगळा पसारा-गोंधळ, ‘अ वाइल्ड गूज चेस’ म्हणजे व्यर्थ धावपळ, ‘अ बोल्ट फ्रॉम द ब्लू’ म्हणजे अचानक कोसळलेलं संकट. हे पाठच करायचे, दुसरा इलाज नाही, पण जुन्या पेपरांतले आधी.

तिसरा गठ्ठा छोटा आणि घातकी. यातले वाक्प्रचार मराठीसारखे दिसतात आणि अर्थ भलताच निघतो. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे थट्टा करणे. आपलं पाय ओढणं म्हणजे पुढे जाणाऱ्याला खाली खेचणं. ‘वॉश वन्स हँड्स ऑफ’ म्हणजे जबाबदारीतून अंग काढून घेणे, आपल्या भाषेत हात झटकणे. ‘हात धुऊन घेणे’ म्हणजे संधी साधणे, आणि पर्यायांत ‘टू टेक ॲडव्हान्टेज ऑफ’ हमखास ठेवलेलं असतं. ‘कीप ॲन आय ऑन’ म्हणजे लक्ष ठेवणे; आपला एखाद्या गोष्टीवर डोळा असला तर ती हडपायची असते. ‘गिव्ह समवन अ पीस ऑफ वन्स माइंड’ला मुलं मन मोकळं करणे म्हणतात, अर्थ आहे खरडपट्टी काढणे. पीडीएफ वाचताना जिथे जिथे ‘हे तर आपल्यासारखंच आहे’ असं वाटेल, तिथे थांबून अर्थ तपासा. तिसरा गठ्ठा असाच गोळा होतो, आणि तो प्रत्येकाचा थोडा वेगळा निघतो.

शब्दांचं म्हणाल तर रोजच्या वीसचे सहा करा, पण सहाही वाक्यासकट. आणि एकटे शब्द घेण्यापेक्षा भांडणाऱ्या जोड्या घ्या: ‘इंडस्ट्रियल’ उद्योगाचा आणि ‘इंडस्ट्रियस’ कष्टाळू, ‘ज्युडिशियल’ न्यायालयाचा आणि ‘ज्युडिशियस’ समंजस, ‘कन्सिडरेबल’ बराच मोठा आणि ‘कन्सिडरेट’ दुसऱ्याचा विचार करणारा, ‘मोमेंटरी’ क्षणिक आणि ‘मोमेंटस’ अत्यंत महत्त्वाचा. धातू ओळखून अर्थ लावायची पद्धत अनेक शब्दांच्या जागी एक शब्द देण्याच्या प्रश्नाला उपयोगी पडते: शेवटी ‘साइड’ आलं की बहुतेक वेळा हत्या, मग ‘रेजिसाइड’ राजाची, ‘पॅट्रिसाइड’ बापाची. पण तिच्यावर आंधळा विश्वास नको. ‘पेडेस्ट्रियन’मधला पेड पायाचा, ‘पेडियाट्रिशियन’मधला मुलांचा. ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न जळणारा नव्हे, चटकन पेटणारा. स्पेलिंगसाठी वेगळं पुस्तक कशाला? सोसायटीच्या मेन्टेनन्स बिलावरचं ‘मेन्टेनन्स’ नीट बघा, मध्ये टी-ई-एन आहे, टी-ए-आय-एन नाही. ‘प्रोनन्सिएशन’मध्ये दुसऱ्या एनच्या आधी ओ-यू नाही, फक्त यू. ‘अकॉमोडेशन’ला सी दोन, एमही दोन.

आता साहित्य कुठून आणायचं. एसएससी आन्सर की काढते तेव्हा उमेदवाराला स्वतःची रिस्पॉन्स शीट, म्हणजे आलेले प्रश्न आणि त्याने दिलेली उत्तरं, मिळते, त्यामुळे खरे प्रश्न जसेच्या तसे बाहेर येतात. एमपीएससीच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आयोगाच्या वेबसाइटवरच असतात. आयबीपीएस मात्र प्रश्नपत्रिका देत नाही. बाजारात जे मिळतं ते मुलांनी आठवून सांगितलेलं, आणि इंग्रजीत एक शब्द इकडचा तिकडे झाला की प्रश्नच बदलतो. म्हणून व्याकरणाचा सराव एसएससी आणि एमपीएससीच्या खऱ्या पेपरांवर करा, आणि बँकेसाठी वाचनाचा वेग वाढवा. आयबीपीएस क्लार्कच्या, ज्याला आता कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात, पूर्व परीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न आणि त्यांना 20 मिनिटं वेगळी बांधलेली असतात. गणितातून वाचवलेला वेळ तिथे वापरता येत नाही.

वाचायला ‘रोज इंग्रजी अग्रलेख वाचा’ असं सगळेच सांगतात. दोन दिवस वाचतात, तिसऱ्या दिवशी पेपर रद्दीत. विषयच माहीत नसतो, मग शब्द काय कळणार? आधी मराठी पेपरात एक बातमी वाचा, महापालिकेचं बजेट म्हणा, बेस्टची भाडेवाढ म्हणा, नाहीतर मेट्रोचा नवा टप्पा. मग तीच बातमी इंग्रजी पेपरात वाचा. काय घडलंय हे आधीच ठाऊक असल्यामुळे नवा शब्द संदर्भातूनच उलगडतो आणि क्रियापदाबरोबर कुठलं प्रिपोझिशन आलंय तिकडे लक्ष जातं. पेपर विकत घ्यायलाही नको, बऱ्याच अभ्यासिकांत दोन्ही मिळतात.

डोंबिवली ते करी रोड उभ्याने जाताना पुस्तक उघडता येत नाही, मोबाइल धरायलाही हात मोकळा नसतो. तेव्हा काही करू नका, किंवा डब्यातल्या पाट्या वाचा. साखळीजवळ लिहिलेलं असतं ‘पेनल्टी फॉर यूज विदाउट रीझनेबल अँड सफिशियंट कॉज’. ‘पेनल्टी’ला ‘फॉर’, ‘कॉज’ला ‘सफिशियंट’. रोज बघितलं की हे शब्द एकमेकांसोबतच लक्षात राहतात, आणि रिकाम्या जागा भरायच्या प्रश्नात नेमकं तेवढंच लागतं. परतीला बसायला मिळालं तर दिवसाचे सहा शब्द.

खरं काम रात्रीचं, पाऊण तासाचं. जुन्या पेपरातले 25 प्रश्न वेळ लावून सोडवायचे आणि उरलेला सगळा वेळ चुकलेल्यांवर घालवायचा. वहीत प्रश्न उतरवायचा, बरोबर वाक्य लिहायचं आणि खाली एकच ओळ: मला चुकीचं वाक्य बरोबर का वाटलं? ‘नियम माहीत नव्हता’ असं लिहू नका, ते उत्तर नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीतलं पान सांगते. ‘ही आस्क्ड मी व्हेअर डिड आय लिव्ह’ हे वाक्य तिने बरोबर ठरवलं होतं. खाली तिने लिहिलं: ‘व्हेअर दिसलं की प्रश्न समजते, म्हणून डिड खटकलं नाही. दुसऱ्याचा प्रश्न सांगताना तो प्रश्न राहत नाही.’ पुढच्या पानावर तीच चूक ‘आय डोन्ट नो व्हॉट इज हिज नेम’मध्ये. त्यापुढे तिसरी. मग तिला कळलं की आपल्या सहा चुकांमागे कारण एकच आहे, आणि ते कारण गेल्यावर सहाही चुका गेल्या. अशी दोन-तीनच कारणं प्रत्येकाच्या वहीत असतात. रविवारी नवा पेपर नको, आठवड्याची वही उघडा आणि जुने चुकलेले प्रश्न उत्तर झाकून पुन्हा सोडवा.

निगेटिव्ह मार्किंगची भीती अनेकांना फार असते, म्हणून हिशोब मांडून दाखवते. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात बरोबर उत्तराला 2, चुकीला अर्धा वजा. चार पर्यायांतून डोळे झाकून ठोकलं तरी सरासरीने अगदी किंचित का होईना, फायदाच. दोन पर्याय नक्की बाद केले असतील तर सरासरी पाऊण मार्क पदरात पडतो, मग सोडायचा कशाला? दुसऱ्या टप्प्यात इंग्रजीचे 45 प्रश्न, प्रत्येकी 3 मार्क, चुकीला 1 वजा: तिथे आंधळा ठोका शून्यावर येतो, पण एक जरी पर्याय बाद करता आला तरी गणित तुमच्या बाजूचं. बँकेत पाच पर्याय आणि पाव मार्क वजा, तिथेही असंच. आणि दुसऱ्या टप्प्यात 390 पैकी 135 मार्क इंग्रजीचे आहेत हे विसरू नका. पहिल्या टप्प्यापुरतं इंग्रजी ढकलून नेणारी मुलं तिथे अडकतात.

गट-बच्या मुख्य परीक्षेत इंग्रजी मराठीबरोबर एकाच पेपरात येते, आणि काळ, व्हॉइस, वाक्यरूपांतर यांवर थेट प्रश्न असतात, त्यामुळे शाळेत घोकलेलं व्याकरण तिथे कामी येतं. राज्यसेवेचाही विचार असेल तर ते प्रकरण वेगळं आहे. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, इंग्रजीचा 300 मार्कांचा पेपर लिहायचा असतो आणि त्यात 25 टक्के मिळवून पात्र व्हावं लागतं. त्याला पर्याय निवडायचा सराव पुरत नाही, हाताने परिच्छेद लिहावे लागतात आणि कोणाकडून तरी तपासून घ्यावे लागतात. पण तुम्ही ते विचारलेलं नाही.

या शनिवारी सीजीएलचा एक जुना पेपर काढा, फक्त इंग्रजी, 15 मिनिटं. जे चुकतील त्यांच्याखाली ती एक ओळ लिहा. पहिल्या दिवशी ती ओळ सुचणार नाही, तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा. वही भरत आली आणि एखादं प्रश्नचिन्ह तसंच राहिलं, तर तो प्रश्न इथे लिहा, मी बघते.